बंबातला विस्तव आणि गल्लीतली झळ

मागच्या पिढीतल्या कामगाराच्या बिऱ्हाडात दिवसाची सुरुवात बंबापासून होत असे. चाळीच्या मोरीत किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब उभा असे. त्यात कोळसा, लाकडाच्या ढलप्या, कधी कारखान्यातून मागून आणलेल्या पॅकिंगच्या फळ्या पेटत आणि पहिल्या पाळीला जाणारा माणूस त्या धुरातून काढलेल्या दोन तांब्यांवर अंघोळ उरकून भोंग्याच्या आत फाटक गाठत असे. पुढे बंब गेला, गॅसची शेगडी आली. मग ज्याला परवडला त्याच्याकडे गिझर आला आणि ज्याला परवडला नाही त्याच्याकडे बादलीत सोडायचा विजेचा रॉड आला. साधने बदलली, पण गृहीत तेच राहिले. ते असे की ऊब हवी असेल तर काहीतरी जाळलेच पाहिजे, मग ते आपल्या मोरीत जाळा किंवा दूरच्या वीजकेंद्रात जाळा.

हे गृहीत आता खरे राहिलेले नाही, हे आजच्या टिपणाचे निमित्त आहे. प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी किसननगरात वाढला. त्याचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. तो आज इंग्लंडात नोकरीनिमित्त असतो. त्याच्या घरातला गॅसचा बॉयलर काढून घराबाहेरच्या भिंतीशी पंखा असलेले एक खोके बसवण्यात आले. त्याने पत्रात विचारले होते, ‘बाहेर दोन अंश तापमान आहे, कुठे काही जळत नाही, आणि घरात वीस अंशांची ऊब आहे. सर, ही ऊब येते कुठून?’ हाच प्रश्न त्याने फोनवर वडिलांनाही विचारला, तेव्हा निवृत्त फिटर म्हणाले, ‘अरे, म्हणजे एसी उलटा लावलाय.’ अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला ज्या उत्तरासाठी दोन पुस्तके चाळावी लागली ते उत्तर हाताने काम केलेल्या माणसाने एका वाक्यात दिले, आणि ते अचूक आहे.

ते कसे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण यंत्राचे मर्म ठाऊक नसले म्हणजे यंत्रामागचे राजकारणही कळत नाही, आणि मग आपण एकतर त्याला भुलतो किंवा त्याला उगाच शिव्या देतो.

पहिली गोष्ट अशी की थंड हवेत उष्णता नसते हा आपला समज चुकीचा आहे. शून्य अंश म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, उष्णता संपण्याचा नव्हे. उष्णता खरोखर संपते ती शून्याच्या खाली २७३ अंशांवर. तेव्हा लंडनच्या दोन अंशांच्या हवेतही उष्णतेचा साठा मुबलक आहे. अडचण एवढीच की उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट दिशेने जात नाही. विहिरीतले पाणी आपणहून वर येत नाही, तसेच हे आहे. पण मोट लावली, पंप लावला, तर येते. पंप पाणी निर्माण करत नाही, असलेले पाणी उपसतो. म्हणूनच या यंत्राचे ‘उष्णता-पंप’ अथवा रूढ शब्दांत ‘हीट पंप’ हे नाव सार्थ आहे.

हा उपसा ज्या तत्त्वांवर चालतो ती तिन्ही आपल्या घरात आहेत. माठावरचे पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ गार राहतो. द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषतो, हे पहिले तत्त्व. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी तापते. वायू दाबला की तापतो, हे दुसरे. आणि भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलताना वाफ हाताला लागली तर उकळत्या पाण्याहूनही जोराने पोळते, कारण वायूचा पुन्हा द्रव होताना त्याने शोषलेली उष्णता तो परत देतो. हे तिसरे.

हीट पंपाच्या नळ्यांत असा एक द्रव खेळवलेला असतो की जो शून्याच्या खाली चाळीस-पन्नास अंशांवरच उकळतो. प्रोपेन हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधला एक घटक. तोही उणे ४२ अंशांवर उकळणारा आहे आणि या यंत्रांत वापरला जातो. घराबाहेरच्या खोक्यातल्या नळ्यांवरून पंखा दोन अंशांची हवा ओढतो. त्या द्रवाच्या दृष्टीने ही हवा म्हणजे धगधगती शेगडीच. तो तिच्यातली उष्णता शोषून उकळतो आणि त्याचा वायू होतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यासरशी तो चांगला तापतो. हा तापलेला वायू घरातल्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता पाण्याला किंवा हवेला देतो आणि पुन्हा द्रव बनतो. शेवटी एका बारीक झडपेतून त्याचा दाब उतरवला की तो पुन्हा थंडगार होऊन बाहेर जायला मोकळा. हे चक्र अखंड चालते. आपला वातानुकूलक खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, आणि हा बाहेरची उष्णता उपसून खोलीत आणतो. एका झडपेने प्रवाहाची दिशा फिरवली की एकच यंत्र दोन्ही कामे करते. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या नळ्यांवर हिमाचा थर धरतो. तेव्हा हीच झडप थोडा वेळ उलटी फिरवून तो थर वितळवतात.

आता हिशेब. साध्या विजेच्या हीटरमध्ये एक युनिट वीज घातली तर एक युनिट उष्णता मिळते, त्याहून कणभरही अधिक नाही. हीट पंपात ती वीज उष्णता बनवण्यावर खर्च होत नाही, उपसण्यावर खर्च होते. बाहेर सात अंश तापमान असताना पस्तीस अंशांचे पाणी हवे असेल तर एका युनिटमागे चार युनिटांच्या आसपास उष्णता हाती येते. बाहेर कडक थंडी असेल आणि पंचावन्न अंशांचे पाणी मागाल तर हेच प्रमाण दोनच्या आसपास उतरते. विहीर जितकी खोल तितका पंपाला जोर अधिक, तसेच हे. म्हणून ज्या घरांच्या भिंती-खिडक्यांतून ऊब गळत नाही आणि जिथे कोमट पाणीच मोठ्या पृष्ठभागाच्या नळ्यांतून जमिनीखाली किंवा भिंतीलगत खेळवले जाते, तिथे हा पंप उत्तम चालतो. गळक्या घरात तो बसवला तर बिल वाढते आणि दोष यंत्राला दिला जातो.

ही विद्या नवी नाही. लॉर्ड केल्विन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी तिची कल्पना १८५२ मध्ये मांडली होती. ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर यांनी १८५६ च्या सुमारास मिठागरातील खारे पाणी आटवण्यासाठी या तत्त्वाचा प्रत्यक्ष उपयोग केला. परंतु आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावीत अशी उदाहरणे पुढची आहेत. झुरिचचे नगरभवन १९३८ मध्ये लिम्मात नदीच्या पाण्यातून उपसलेल्या उष्णतेवर उबदार होऊ लागले. १९४५ मध्ये इंग्लंडातील नॉरिच नगरपालिकेच्या वीज खात्याचे अभियंता जॉन समनर यांनी वेन्सम नदीच्या पाण्यावर चालणारा पंप उभारून खात्याची इमारत तापवली. युद्धकाळातल्या टंचाईत मिळेल ते जुने सामान जमवून हे काम झाले. या दोन्ही इमारती सार्वजनिक होत्या, कोणा खाजगी कंपनीच्या नव्हेत. पुढे स्वस्त तेल आणि वायूच्या लोटात ही विद्या मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटाने तिची आठवण करून दिली आणि २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन वायूची तोटी आवळली गेली तेव्हा सगळ्या युरोपने तिच्याकडे धाव घेतली. नॉर्वेसारख्या थंड देशात आज निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत. तेव्हा थंडीत हे यंत्र चालत नाही ही सबब तिथल्या लोकांनी कधीच निकालात काढली आहे.

कोणी विचारील, हे सारे ठाण्यात कशाला? इथे घर तापवायचे कोणाला आहे? जानेवारीत चार दिवस गारठा पडला तर शेकोटी पुरते. उरलेले वर्ष पत्रे तापतात, भिंती तापतात, माणसे तापतात. आक्षेप वाजवी आहे. परंतु वागळे इस्टेटच्या संदर्भात या यंत्राकडे पाहिले तर दोन गोष्टी दिसतात आणि त्या दोन्ही आपल्या राजकारणाच्या गाभ्याशी भिडणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट गरम पाण्याची. वीस लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायची तर ४०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट वीज. चार माणसांच्या कुटुंबाला चार बादल्यांसाठी रोज दोन युनिटांना थोडी कमी वीज लागते. हेच काम हीट पंपाने केले तर सहादशांश युनिटाच्या आसपास भागते, कारण ठाण्यातली आपली विहीर उथळ आहे. बाहेरची हवाच पंचवीस-तीस अंशांची आणि वर दमट आहे. तिच्यातून उष्णता उपसणे लंडनच्या हवेहून कितीतरी सोपे आहे. पावसाळ्यात सूर्यबंब निकामी होतो, हा होत नाही.

पण खरा हिशेब बिलावर दिसत नाही, तो चंद्रपूरला दिसतो. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कोळशाच्या तीन भाग उष्णतेतून ढोबळमानाने एक भाग वीज निघते, उरलेले दोन भाग धुराड्यातून आणि पाण्यातून वाया जातात. म्हणजे आपण गिझर लावतो तेव्हा एक भाग ऊब मिळवण्यासाठी विदर्भात तीन भाग उष्णतेचा कोळसा जाळतो. जी वस्तू तीन भागांनी सुरू झाली ती मोरीत पोहोचेपर्यंत एक भाग उरते. हीट पंप ती पुन्हा तीन भागांची करतो. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या त्या जिल्ह्यातील माणूस राख, धूळ आणि झळ सोसतो आणि ठाण्या-मुंबईच्या न्हाणीघरात पाणी तापते. प्रादेशिक विषमतेवर आपण ठराव पुष्कळ केले. ती विषमता आपल्या घरातल्या नळातूनही वाहते, हे मात्र आपण क्वचितच पाहिले.

दुसरी गोष्ट गल्लीतल्या झळीची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, औषधे अशा नाना वस्तू बनवणारे लहानमोठे कारखाने इथे उभे राहिले. त्यांच्या आधारे किसननगर, अंबिकानगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर या वस्त्या दाटीने वाढल्या. पुढे अनेक कारखान्यांना टाळी लागली आणि त्यांच्या जागी काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या आल्या. ज्या रस्त्यावर लेथचा आवाज येई तिथे आज वातानुकूलन यंत्रांची घरघर येते. आतल्या संगणकावर बसलेला तरुणही कामगारच आहे, त्याच्या गारव्याचा आम्हांला मत्सर नाही. प्रश्न असा की त्याच्या खोलीतून उपसलेली उष्णता जाते कुठे?

एक टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालत असता खोलीतून ताशी साडेतीन युनिट उष्णता काढते. त्यासाठी सुमारे एक युनिट वीज खाते, आणि ही दोन्ही मिळून साडेचार युनिट उष्णता बाहेर फेकते. मघाच्या मापाने ही नऊ-दहा बादल्या पाणी तापवण्याइतकी उष्णता झाली, तीही एका टनाच्या एका यंत्राची, एका तासाची. एकेका इमारतीत अशी शेकडो टनांची यंत्रणा असते. ती सारी उष्णता गल्लीत, रिक्षाच्या थांब्यावर, वडापावच्या गाडीवर आणि पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत उतरते. त्याच खोलीत दुसऱ्या दिवशी पहाटे एक बाई रॉड लावून पाणी तापवते आणि त्याच्या विजेचे पैसे भरते. ज्या उष्णतेला एका बाजूला पैसे मोजून हाकलले जाते तीच उष्णता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पैसे मोजून विकत घ्यावी लागते. बाजारपेठ साधनसंपत्तीचे सर्वोत्तम वाटप करते, असे जे आम्हांला शिकवले गेले आणि आम्हीही पुढे वर्गात शिकवले, त्याचे याहून चांगले खंडन आम्हांला माहीत नाही.

ही उष्णता वाया जाण्याचे तांत्रिक कारण काहीच नाही. वातानुकूलनाची टाकाऊ उष्णता पाण्यात घेऊन वापरण्याची पद्धत मोठ्या हॉटेलांत आणि रुग्णालयांत परिचित आहे. कारण आहे ते मालकीचे. उष्णता टाकणारा एक, ती सोसणारा दुसरा आणि ज्याला ती हवी तो तिसरा. या तिघांना एकत्र बसवण्याचे काम नफ्याच्या हिशेबात बसत नाही. ते सार्वजनिक संस्थेचेच काम आहे.

तथापि हीट पंप म्हणजे जादूची कांडी, असा भ्रम आम्ही पसरवू इच्छित नाही. युरोपातला अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरमालकाने गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला तर सरकार अनुदान देते. २०२२ मध्ये ते ५,००० पौंड होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७,५०० पौंड करण्यात आले. पण अनुदान मिळूनही उरलेले पैसे घालण्याची ऐपत आणि स्वतःचे घर ज्याच्याकडे आहे त्यालाच ते मिळते. भाडेकरूच्या हाती निर्णयच नसतो. शिवाय अलीकडच्या वर्षांत तिथे विजेचे युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट दराने विकले गेले. यंत्राने तिप्पट उष्णता दिली आणि वीज चौपट महाग ठरली, म्हणजे विज्ञानाने जे दिले ते दरपत्रकाने काढून घेतले. जर्मनीत २०२३ मध्ये नव्या तापनयंत्रांबाबतचा कायदा आला तेव्हा सामान्य माणसाला खर्चाची धास्ती वाटली आणि त्या धास्तीवर उजव्या पक्षांनी आपली पोळी भाजून घेतली. योग्य यंत्र अन्याय्य रीतीने लादले तर लोक यंत्राच्याच विरोधात जातात, हा त्यातला धडा आहे.

म्हणून या प्रश्नाची किल्ली वीज कोणाच्या हातात आहे, यात आहे. राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये तुकडे झाले. २००७ मध्ये भिवंडीचे वीजवितरण खाजगी फ्रँचायझीकडे गेले, १ मार्च २०२० पासून आपल्या शेजारच्या मुंब्रा-कळवा-शीळ भागाचे गेले. पुढे अदानी समूहातील कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात समांतर वितरण परवाना मागितला, आणि त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. खाजगीकरणाचा सरकारचा विचार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर त्याच दिवशी संप मागे घेण्यात आला. पुष्कळांनी त्या संपाकडे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न म्हणून पाहिले. वस्तुतः तो ग्राहकाचाही प्रश्न होता. ज्या पट्ट्यात मोठी मागणी आणि खात्रीची वसुली आहे तेवढाच पट्टा नफेखोराच्या हाती गेला तर किसननगरच्या खोलीला आणि चंद्रपूरच्या शेतकऱ्याला आधार देणारी परस्परांची सांगड तुटते. कमी विजेत अधिक ऊब देणारे यंत्र हे अधिक वीज विकून नफा मिळवणाऱ्याच्या सोयीचे नसते. लोकांच्या मालकीच्या वीजसंस्थेला मात्र ते सोयीचे असते, कारण तिला नवे वीजकेंद्र उभारण्याचा खर्च वाचतो.

यंत्र स्वस्त कसे होईल, या प्रश्नाला आपल्याच देशात उत्तर मिळालेले आहे. २०१४ मध्ये एलईडी दिव्याची सार्वजनिक खरेदीतील किंमत सुमारे ३१० रुपये होती. केंद्राच्या सार्वजनिक वीजउपक्रमांनी स्थापलेल्या संस्थेने कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. हा चमत्कार स्पर्धेच्या मंत्राने घडला नाही, एकत्रित सार्वजनिक मागणीने घडला. दिव्याची आणि पंपाची तुलना तंतोतंत जुळणार नाही हे खरे, कारण पंपात तांबे आहे, कॉम्प्रेसर आहे. परंतु रीत तीच आहे.

या विवेचनातून वागळे इस्टेटपुरत्या काही ठोस मागण्या निघतात.

पहिली मागणी पुनर्विकासाची. किसननगरचा समावेश ठाण्याच्या समूह विकास योजनेत झाला आणि २०२३ मध्ये तिथे भूमिपूजनही झाले. जुन्या चार मजल्यांच्या जागी उंच इमारती येतील. उंच इमारतीत गच्ची तेवढीच राहते आणि बिऱ्हाडे कितीतरी पटींनी वाढतात. त्यामुळे गच्चीवरचे सूर्यबंब सर्वांना पुरणे शक्य नाही. अशा इमारतींत सामाईक हीट पंपाची गरम पाण्याची सोय आराखड्यातच असली पाहिजे. मागाहून भिंती फोडून ती करणे कोणाला परवडत नाही. पण तिच्या देखभालीची किमान दहा वर्षांची लेखी जबाबदारी बांधणाऱ्यावर असली पाहिजे. एरवी लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या खर्चाखाली वाकलेली सोसायटी हे यंत्र पहिल्याच बिघाडाला बंद ठेवील आणि बादलीत पुन्हा रॉड पडेल. ओल्या मोरीत उघड्या रॉडचा धक्का बसून जीव जातो, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

दुसरी मागणी सार्वजनिक संस्थांची. कामगार विमा रुग्णालये, महापालिकेची रुग्णालये, वसतिगृहे आणि जव्हार-मोखाड्यापासून नंदुरबारपर्यंतच्या आश्रमशाळा इथे गरम पाण्याची गरज बारमाही आणि खात्रीची आहे. प्रथम खरेदी तिथे व्हावी आणि ती राज्यपातळीवर एकत्र व्हावी. पाणी तापवताना हे यंत्र थंड हवा बाहेर सोडते. ती कँटीनच्या, धुलाईघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भट्टीसारख्या खोलीत सोडली तर तिथल्या कामगाराला दुहेरी लाभ होतो.

तिसरी मागणी झळीची. मोठ्या वातानुकूलन यंत्रणेला परवानगी देताना तिची टाकाऊ उष्णता कुठे जाईल, याचा जाब विचारला जावा. तिचा काही भाग वापरात आणणे बंधनकारक करावे आणि वस्तीच्या तोंडावर उष्ण झोत सोडण्यास मनाई असावी. सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात सोडता येत नाही, तर सांडलेली उष्णता का सोडता यावी? एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हात भरलेल्या सरकारी सोहळ्यानंतर चौदा माणसे उष्माघाताने दगावली. उष्णता ही आता हवामानखात्याची बातमी राहिलेली नाही, तो जगण्यामरण्याचा प्रश्न झाला आहे.

चौथी मागणी कामाची. या यंत्रात जे काम आहे ते पत्र्याचे, तांब्याच्या नळ्या वाकवण्याचे आणि जोडण्याचे, मोटारीचे आणि वायरिंगचे आहे. वागळे इस्टेटच्या लहान कारखान्यांना आणि आय.टी.आय.मधून बाहेर पडणाऱ्या मुलांना ते परके नाही. सार्वजनिक खरेदीच्या अटीत इथल्या लघुउद्योगांचा वाटा राखून ठेवला तर रिकाम्या शेडमध्ये पुन्हा यंत्र फिरेल. त्याचबरोबर आज चौदाव्या मजल्याच्या सज्जावर दोरीच्या भरवशावर उभा राहून एसी दुरुस्त करणारा पोरगा आपल्या कोणत्याही युनियनच्या दप्तरात नाही, हेही कबूल केले पाहिजे. त्याला पट्टा, विमा आणि गळणाऱ्या वायूपासून संरक्षण मिळवून देणे ही आपली जबाबदारी आहे. प्रोपेन वातावरणाला जवळजवळ निरुपद्रवी आहे, पण तो ज्वालाग्राही आहे. प्रशिक्षणावाचून तो हाताळायला लावणे हा गुन्हा ठरेल.

या मागण्या निवेदन देऊन सुटणाऱ्या नाहीत. कार्यकर्त्यांनी आरंभ अगदी साध्या कामाने करावा. प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या दहा इमारती घ्याव्यात. घरटी पाणी कशावर तापते, गॅसवर, गिझरवर की रॉडवर, महिन्याचे वीजबिल किती येते आणि कोणाच्या खिडकीवर कोणाच्या यंत्राचा झोत येतो, एवढ्या तीन गोष्टींची नोंद करावी. एवढी माहिती हाती घेऊन महापालिकेत आणि महावितरणच्या कचेरीत गेलेला कार्यकर्ता हात हलवत परत येत नाही. घोषणेपेक्षा आकड्याला अधिकारी अधिक घाबरतो, हा आमचा अनुभव आहे.

त्या निवृत्त फिटरने आपल्या मुलाला जे सांगितले त्यात एक गोष्ट आम्ही आमच्या वतीने जोडू इच्छितो. एसी उलटा लावता येतो, हे त्यांनी बरोबर ओळखले. आज गारवा एका बाजूला आणि झळ दुसऱ्या बाजूला अशी जी मांडणी आहे, तीही नळ्यांनी ठरवलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे. यंत्रातला प्रवाह फिरवायला एक झडप पुरते. समाजातला प्रवाह फिरवायला संघटना लागते, आणि ते काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.